कढईतून शाळेला

नाही, पण मी म्हणते, आमच्या गाडीच्या धुराला तळणाचा वास येतो यात माझा काय दोष? मी तळलंय का काही? मी त्या गाडीत फक्त बसते! पुढच्या सीटवर, दाराला चिकटून, मांडीवर दप्तर घेऊन, आणि तेही हौसेनं नाही, तर गाडी माझ्या बाबांची आहे आणि घरच्या माणसानं मागं ऐसपैस बसून गिऱ्हाइकाची जागा अडवायची नसते म्हणून. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं रे टाकलं की वर्गातली मुलं नाकपुड्या फुगवणार आणि म्हणणार, "आली, कढई आली! कढईबरोबर झारापण आला!" कढई म्हणजे आमची गाडी. झारा म्हणजे मी, कारण मी उंच आहे, काटकुळी आहे आणि वर डोक्यावर केसांचं गोल टोपलं. आता यावर एखादीनं सणसणीत उत्तर दिलं असतं. माझ्याकडेही होतं. मला अशी उत्तरं नेहमी सुचतात, दुसऱ्या दिवशी दात घासताना. त्या वेळी मात्र... मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, माझं हे असंच आहे. दिसतं सगळं, ऐकू येतं सगळं, फक्त तोंड उघडत नाही. आई म्हणते, "ही मुलगी म्हणजे गच्च बसलेला डबा आहे. हलवला की आत खुळखुळतं, पण झाकण काही निघत नाही." आणि मग असं कोणी निवांत बसून ऐकणारं भेटलं की झाकण एकदम उडतं आणि हे असं होतं, बोलतच सुटते, तेव्हा कृपा करून मधे काही विचारू नका, विचारलंत की परत बंद होईन.

तर वास. वास आला तेलामुळे, आणि तेल आलं डिझेलमुळे. म्हणजे डिझेल न आल्यामुळे. थांबा, नीट सांगते.

माझे बाबा शाळेच्या मुलांची ने-आण करतात. बारा मुलं, आणि तेरावी मी, फुकट. गाडी स्वतःची, एकच, डिझेलवर चालणारी, चौदा वर्षांची. मीही चौदाचीच. आम्ही दोघी एकाच महिन्यात घरात आलो, त्यातल्या एकीची तारीख बाबांना तोंडपाठ आहे आणि दुसरीची आईला विचारावी लागते. कोणाची ते मी सांगत नाही. गाडीचा डिझेलचा काटा मी तिसरीत असताना बंद पडला, तेव्हापासून बाबा टाकीत माझी फूटपट्टी बुडवून बघतात, आणि मग तीच पट्टी पुसून माझ्या दप्तरात ठेवतात, त्यामुळे माझ्या सगळ्या भूमितीच्या वह्यांना डिझेलचा वास आहे. म्हणजे वासाची सवय मला तशी जुनीच. पण डिझेलच्या वासाला कोणी हसत नाही हो! डिझेलचा वास म्हणजे कामाचा वास. तळणाचा वास आला की सगळ्यांना वाटतं, हे लोक खातात फार.

पंपावर भावाची पाटी असते बघा, सुटे आकडे अडकवायची. आमच्या चौकातल्या पंपावर एक माणूस शिडीवर चढून ते आकडे बदलायचा. आधी महिन्यातून एकदा चढायचा, मग आठवड्यातून, मग त्यानं शिडी पाटीलाच टेकवून ठेवली, रोज रोज कोण आत नेणार! एकदा तर त्याच्याकडचे इंग्रजी नऊचे आकडे संपले. मग त्यानं सहाचा आकडा उलटा करून लावला. आणि वाऱ्यानं तो आकडा वरच्या खिळ्यातून सुटला, गर्रकन फिरला आणि पुन्हा सहा झाला. बाबांनी लांबून पाहिलं आणि असा चेहरा उजळला त्यांचा! "बघ! उतरला! मी म्हटलं नव्हतं, उतरणार म्हणून!" आणि गाडी वळवून थेट रांगेत. मला तो सुटलेला खिळा दिसत होता. एवढा मोठा खिळा, न दिसायला काय झालं? पण इतक्या दिवसांनी माणूस गाणं गुणगुणत होता... मी काही बोलले नाही. रांगेत दीड तास गेला. आमचा नंबर यायच्या वेळेला शिडीवाल्यानं वर चढून सहाचा पुन्हा नऊ केला होता.

पण भावाचं एक वेळ राहू दे. भाव वाढला की माणूस शिव्या देतो आणि भरतो. पुढं पुढं शिव्या देऊनही मिळेना! पंपावर पुठ्ठा लटकवलेला, "डिझेल नाही". दुपारी यायचं म्हणायचे, दुपारी उद्या म्हणायचे, आणि उद्या विचारलं की पंपवाला असा बघायचा जसं काही आपण त्याच्या घरातलं दूध मागतोय. टँकर येणार अशी नुसती कुणकुण लागली की चौकापासून पार मागच्या वळणापर्यंत गाड्या. एक ट्रकवाला काका तर रांगेतच आरशात बघून दाढी करायचा, अर्धी दाढी झाली की रांग सरकायची, मग फेस तसाच ठेवून गाडी चार फूट पुढं, मग उरलेली अर्धी. बाबा पहाटे रांगेत जायचे, आई डबा माझ्या हाती पाठवायची आणि वर म्हणायची, "विचार त्यांना, तिथंच राहायला गेलेत का. मला लग्नात सांगितलं होतं मुलाचा गाडीचा धंदा आहे. मुलाचा रांगेचा धंदा आहे हे कोणी बोललं नव्हतं!" आता हा निरोप मी बाबांना द्यायचा? मी डबा दिला. काही बोलले नाही.

आणि इकडे शाळा! शाळेच्या फाटकावर पहारेकरी काका एक वही घेऊन बसतात. प्रत्येक गाडीची वेळ त्यात लिहायची. घंटेनंतर आलेल्या गाडीला लाल खूण. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका बाईंनी, नियमच केला होता की एका सत्रात तीन लाल खुणा झाल्या की त्या गाडीचं काम बंद, आणि ती मुलं मोठ्या कंपनीच्या बसला. ती बस मी कागदावर पाहिली होती. पांढरी, लांबलचक, काचा निळ्या, आणि चित्रातली सगळी मुलं दात दाखवून हसताहेत. शाळेच्या गाडीत बसून इतकं हसणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

बाबांना पहिली लाल खूण मिळाली ती रांगेमुळे. दुसरी मिळाली ती पुठ्ठ्यामुळे. दुसऱ्या वेळी बाबा बाईंना म्हणाले, "बाई, तीन पंप फिरलो हो. डिझेलच नव्हतं." बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "ते तुम्ही बघायचं. आम्ही मुलं बघतो, तुम्ही गाडी बघा." आणि सत्राला अजून दोन महिने बाकी! तिसरी खूण म्हणजे बारा मुलं गेली, बारा मुलं गेली म्हणजे गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणजे... बाबांना दुसरं काहीच येत नाही हो. म्हणजे येत असेल, पण चौदा वर्षांत कोणी विचारलेलं नाही.

तर अशा वेळी बाबांना कोणीतरी तेलवाल्याचा पत्ता दिला.

वस्तीच्या टोकाला एक पत्र्याची शेड, बाहेर पिंपांची रांग, आणि आत हा एवढा घमघमाट! हॉटेलं, खानावळी, कँटीन यांच्याकडचं वापरून काळं झालेलं तेल तो तेलवाला गोळा करतो, गाळतो, तापवतो, त्यात काहीबाही औषधं घालतो, आणि त्याचं डिझेलच्या गाडीत चालणारं तेल करतो. बायोडिझेल. नाव ऐकलं की वाटतं पांढरा कोट घातलेला माणूस असेल. प्रत्यक्षात हाफ पँट, पोटावर गमछा, आणि माणूस इतका आनंदी की बघून आपल्याला काळजी वाटावी.

"या शेठ!" म्हणाला. चौदा वर्षांच्या गाडीतून उतरलेल्या माझ्या बाबांना शेठ! "किती देऊ? भाव डिझेलहून कमी. आणि रांग म्हणाल, तर तुम्हीच पहिले, तुम्हीच शेवटचे!"

"पण गाडीला चालेल ना?" बाबा.

"चालेल? पळेल! माझी स्वतःची गाडी यावरच आहे. एक वास तेवढा सोडला तर दोष दाखवा. आणि दोन कॅनवर एक साबण फुकट!"

कारण तेल करताना खाली जो चिकट गाळ उरतो त्याचा म्हणे साबण होतो. तपकिरी, विटेएवढा, फेस कमी पण वजन भरपूर. तुम्हाला सांगते, दोन महिन्यांत आमच्या घरात डिझेल औषधाला नव्हतं, पण साबण इतके झाले की आईनं डगमगणाऱ्या कपाटाखाली साबण, दाराला अडसर साबण, शेजारणीनं साखर मागितली तर साखरेबरोबर साबण!

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आम्ही निघालो, बाबांनी गाडी सुरू केली, मान तिरकी करून ते इंजिनाचा आवाज ऐकत होते, आणि तेव्हा तेलवाला माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "शेठ, जुनी गाडी आहे ना? मग लक्षात ठेवा. हे तेल टाकी आतून धुऊन काढतं. बसलेला गाळ सुटा करतं. पहिल्या एक-दोन टाक्यांना फिल्टर बदलायचा, नाही तर तुंबेल."

"हो हो हो," बाबा म्हणाले. हे कोणतं हो हो हो, मी ओळखते. आई गॅस संपत आलाय म्हणते तेव्हाही हेच येतं. हे कानातलं नसतं, नुसतं तोंडातलं असतं. मी ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. पण बाबा इतके खूश होते, "आवाज बघ, कसा लोण्यासारखा झालाय," म्हणत होते... काय करणार? मी काही बोलले नाही.

आता पुढचं ऐका, आणि हसू नका.

टाकीत तळाला थोडं जुनं डिझेल उरलं होतं, वर हे नवं ओतलेलं. बाबांच्या डोक्यात शंका आली की दोघांचं पटेल का. एक खाली बसलं आणि एक वर राहिलं तर? रस्त्यात ते रेटून रेटून मला विचारू लागले, "तू शिकतेस ना विज्ञान? सांग की. दोन तेलं आपसूक मिसळतात का?" मी खिडकीबाहेर बघितलं. "सांग गं. एवढी फी भरतो." मी दप्तराचा बंद बघितला. "एक शब्द तरी बोल माझे आई!" आणि तुम्हाला सांगते, कुठून अवसान आलं कोण जाणे, अख्ख्या वर्षात जे केलं नव्हतं ते मी केलं. बोलले. म्हणाले, "ढवळावं लागतं."

झालं! दोन शब्द. वर्षातून एकदा तोंड उघडलं आणि तेही चुकलं! कारण ती दोन्ही आपोआप मिसळतात, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. नंतर!

पण बाबांना वाटलं, मुलगी बोलली म्हणजे त्यात काहीतरी असणार. टाकी ढवळायची कशी? चमचा घालून? मग त्यांना सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुलं चढल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली, मागं वळले आणि म्हणाले, "पोरांनो, आजपासून एक नवा खेळ. ताईनं एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी सीटवर बसल्या बसल्या उड्या मारायच्या."

बारा मुलं, शाळेत जायच्या गाडीत, मोठ्या माणसानं सांगितलंय उड्या मारा! पहिलीतली एक आहे, पुढचे चार दात एकदम पडलेत, सगळे तिला बोळकं म्हणतात. तिचा तर विश्वासच बसेना. "खलंच माला? खलंच?" म्हणत होती. आणि मग धडाम! धडाम! धडाम! गाडी अशी हलली, अशी डुलली, खिडक्या खडखडल्या, टाकीत आत डचमळल्याचा आवाज आला, आणि बाबा खाली उतरून टाकीला कान लावून उभे. "अजून! मिसळतंय! अजून!" रोज. दोनदा. जाताना एकदा, येताना एकदा. आणि एक-दोन-तीन कोणी म्हणायचं? मी! जिला वर्गात हजेरीला "हजर" म्हणायला घाम फुटतो ती! माझं एक-दोन-तीन इतकं हळू असायचं की पहिले काही दिवस बोळकंच माझ्या तोंडाकडे बघून ओरडायची, "ताई तीन म्हनाली!" आणि धडाम!

गाडीच्या मागं कुत्री धावायला लागली ती याच सुमारास. वासाला. आधी एक, मग तीन, मग फाटकापर्यंत सोडायला येणारी एक ठरलेली टोळी. गॅरेजवाले मामा रस्त्यात भेटले, त्यांनी उड्या पाहिल्या, कुत्री पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "मालक, शाळेची गाडी आहे, व्यायामशाळा आहे, का खानावळ?" बाबा हसले. वेळेवर पोचत होते ना! घंटेच्या आधी सात मिनिटं, कधी नऊ. पहारेकरी काका निळ्या पेनानं वेळ लिहायचे आणि बाबा ती निळी शाई अशी बघायचे जसं कोणी पोराचं प्रगतिपुस्तक बघावं.

आणि मग गाडीला उचकी लागली.

पहिल्यांदा शाळेजवळच्या चढावर. हूक! करून एकदा अडली, मग परत चालली. बाबा म्हणाले, "थंडी आहे." दुसऱ्या दिवशी दोनदा. "चढ आहे." तिसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर, आणि थंडीही नव्हती. बाबा म्हणाले, "पोरं जाड झालीत." मला माहीत होतं. फिल्टर! मला तेलवाल्याचं वाक्य पाठ होतं, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं, म्हणजे लिहून दिलं असतं. आणि तुम्हाला सांगते, मी खरंच लिहून दिलं! वहीच्या मधला कागद, समास आखून, सुवाच्य अक्षरात: "बाबा, तेलवाल्या काकांनी फिल्टर बदलायला सांगितलं होतं. नाही तर गाडी तुंबेल." आणि सकाळी स्टिअरिंगला चिकटवला.

बाबांनी वाचला. मग आईला हाक मारली. "अगं, इकडे ये! हिचं अक्षर बघ! मोत्यासारखं!" आईनं बघितलं. "माझ्यावर गेलंय," म्हणाली. दोघांनी तो कागद उजेडात धरून बघितला. बाबांनी व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "बदलू की. शनिवारी नक्की. शुक्रवारपर्यंत सवड नाही, तुमच्या सहामाहीचे पेपर आहेत, एक फेरी चुकून चालणार नाही." शनिवार! वार होता बुधवार. मला म्हणायचं होतं, बाबा, आज. आत्ता. आधी फिल्टर, मग फेरी. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं... मी काही बोलले नाही. आणि वरून, शाळेत जाताना एक-दोन-तीनही म्हटलं.

शुक्रवारी, गणिताच्या पेपरच्या दिवशी, त्याच चढावर, जिथून शाळेचं फाटक समोर दिसतं, वही दिसते, वही घेऊन बसलेले काकासुद्धा दिसतात, तिथं गाडीनं तीन उचक्या दिल्या, एक मोठा उसासा टाकला आणि थांबली. बाबांनी चावी फिरवली. घर्र घर्र. पुन्हा फिरवली. घर्र. घंटेला अकरा मिनिटं.

तेवढ्यात बोळकं म्हणाली, "काका, आपन उली मालली नाही म्हनून लुसली!"

आणि मी काही म्हणायच्या आत, तसंही मी काय म्हणणार होते म्हणा, बाराच्या बारा पोरं गाडीवर माया करायला लागली. धडाम! धडाम! कोणी एक-दोन-तीनची वाटच बघितली नाही. परीक्षेची पोरं ती, पाटी-पेन सगळं उडतंय, डबे उडताहेत, "चल गं, चल गं," करून ओरडताहेत, आणि बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून चावी फिरवताहेत, घर्र, घर्र, आणि मागून कुत्री पोचली.

बाबांनी फोन केला, गॅरेजवाले मामा स्कूटरवरून आले. फिल्टर खोलला. त्यांनी तो उलटा धरला तर त्यातून तेल येईना, ओला काळा चिखल आला. मामांनी तो बोटानं चोळून बघितला. मग टाकीत बॅटरी मारून बघितलं. मग बाबांकडे बघितलं.

"मालक, टाकी आतून आरशासारखी झालीय. चौदा वर्षांचा गाळ धुऊन निघालाय. नव्या तेलानं तो सुटा केला, ते ठीक, तळाशी पडून राहिला असता, हळूहळू आला असता, मी दोन फिल्टर बदलून दिले असते, संपलं असतं. पण हा असा एकदम वर आला कसा? टाकी ढवळली कोणी?"

तुम्हाला सांगते, तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. माझ्या बुटाची डावी नाडी सुटली होती. मला वाटलं, आता बाबा माझं नाव घेणार. घ्यायलाच हवं होतं. मीच म्हटलं होतं ना, ढवळावं लागतं!

"मीच," बाबा म्हणाले. "मीच उड्या मारायला लावल्या. पोरांची काय चूक?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू इथं काय करतेस? पेपर आहे ना? यांना घेऊन पळ."

मी बारा मुलांना ओळीत लावलं आणि चढ चढून नेलं. बोळक्याचं दप्तर माझ्या खांद्यावर, तिचं बोट माझ्या हातात. आठ मिनिटं उशीर. पहारेकरी काकांनी निळं पेन ठेवलं, लाल उचललं, परत ठेवलं, वर बाईंच्या खिडकीकडे बघितलं. "काय करू पोरी," म्हणाले, "तिथून सगळं दिसतं." आणि खूण केली. छोटीशीच केली. पण लाल ती लाल.

गणिताच्या पेपरात पहिलाच प्रश्न होता, एक टाकी दोन नळांनी भरते. मी तो सोडून दिला.

दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. मलाही वर्गातून बोलावलं. बाईंच्या टेबलावर ती पांढऱ्या बसची जाहिरात पडली होती, हसणारी मुलं वर करून. बाबा उभेच होते. म्हणाले, "बाई, एक सत्र द्या. फिल्टर नवा बसवलाय. आता काही होणार नाही."

"तुमच्याबद्दल तक्रार नाही हो माझी," बाई म्हणाल्या. "पण पेपरच्या दिवशी! आणि मुलं गाडीत उड्या मारतात असं पालक सांगतात. हा काय प्रकार आहे?"

बाबा शर्टाची इस्त्री सारखी करायला लागले. काय सांगणार? मग बाई माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ केला. "तू सांग बाळ. तू तर रोज गाडीत असतेस. नक्की काय झालं? तू सांगशील ते मी ऐकते. घाबरू नकोस."

विचारलं हो! सरळ मला विचारलं! आणि माझ्याकडे सगळं होतं. पाटीवरचा आकडा होता, पुठ्ठा होता, पहाटेची रांग होती, तीन पंप, तेलवाला, त्याचं वाक्य, माझे दोन शब्द, सगळं एकामागोमाग एक, आत्ता तुम्हाला सांगते तसंच्या तसं तयार होतं. हेही होतं की बाबा रोज मुलं चढवायच्या आधी बारा पायऱ्या पुसतात, कारण बोळकं एकदा घसरली होती. गाडीला पायरी एकच आहे, बारा वेळा पुसतात. बाई वाट बघत होत्या. बाबा माझ्याकडे बघत होते. मी श्वास घेतला, अगदी पोटातून घेतला, तोंड उघडलं...

मी काही बोलले नाही.

बाईंनी मान हलवली आणि बाबांना म्हणाल्या, "हुशार आहे मुलगी. लिहिते छान. फक्त बोलत नाही." बाबा म्हणाले, "हो ना." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांना माझं अक्षर दाखवलं. बाईंनी वाचला. दोनदा वाचला बहुतेक. "शुद्धलेखनही चांगलं आहे," म्हणाल्या.

सोमवारपासून कंपनीची बस.

आता गाडी घरासमोर उभी असते. नव्या फिल्टरची, आरशासारख्या टाकीची, आजवर कधी नव्हती इतकी ठणठणीत. आठवड्यातून दोनदा बाबा तिच्यात कोणाकोणाचं सामान वाहतात, बाकीचे दिवस तिला धुतात. साबण आहेच. पण सोमवारी सकाळी त्यांचा पाय काही घरात ठरेना, तेव्हा मला सोडायच्या निमित्तानं तेही थांब्यावर आले. बारा मुलं, मी आणि बाबा. बाबांनी सवयीनं मुलं मोजली. मग घड्याळ बघितलं. घंटेला दहा मिनिटं. घंटा झाली असेल. घंटा होऊन वीस मिनिटं. बोळकं विचारायला लागली, "काका, तुम्हीच चला ना." बाबा म्हणाले, "येईल गं, मोठी बस आहे, वळायला वेळ लागतो." बस आली पन्नास मिनिटांनी. पांढरी, लांबलचक, काचा निळ्या. बसवाला खाली उतरून म्हणाला, "पंपावर अडकलो. रांग बघितली का कुठवर गेलीय!" आणि त्यानं खिशातून प्रत्येकाला एक छापील चिठ्ठी दिली. शाळेचीच होती, खाली मोठ्या बाईंची सही. इंधनाच्या टंचाईमुळे बस उशिरा येऊ शकते, ती नोंद उशीर म्हणून धरली जाणार नाही, पालकांनी समजून घेऊन सहकार्य करावे.

मी ती वाचली. बाबांकडे दिली. आणि या वेळी मात्र, तुम्हाला सांगते, मला वाटलं, आता बाबा फाडतील, ओरडतील, निदान त्या बसच्या चाकाला एक लाथ तरी घालतील. घाला ना बाबा! घाला की!

बाबांनी चिठ्ठी लांब धरून सावकाश वाचली, नीट घडी घातली, मला परत दिली, आणि बोळक्याला उचलून बसच्या पायरीवर ठेवत म्हणाले,

"बरोबर आहे गं त्यांचं. डिझेल मिळतंय कुठं हल्ली?"